कवळी करून घेताना आणि वापरताना

कवळीच्या तक्रारींपैकी बहुतेक खालच्या कवळीच्या असतात. वरची कवळी अख्ख्या टाळूवर पसरते आणि मधल्या लाळेच्या पातळ थरामुळे चिकटून राहते. खालच्या कवळीला बसायला जागा जेमतेम निम्मी, त्यात जीभ सारखी ढकलत असते. म्हणजे डॉक्टर कितीही चांगला असला तरी ती थोडी हलणारच. एवढं ठाऊक असलं की दवाखाने बदलत हिंडायची वेळ येत नाही.

दात काढल्यावर हिरड्या भरून यायला दीड-दोन महिने जाऊ द्यावेत. काही डॉक्टर तीन महिने थांबवतात. दात काढल्या दिवशीच बसवायची कवळीही करता येते, पण हाड पहिल्या वर्षात झपाट्याने झिजतं आणि ती लवकरच सैल होते. ती तात्पुरती समजूनच घ्यावी. जुनी कवळी वापरणाऱ्यांनी नव्याचं माप देण्याआधी किमान एक रात्र, जमल्यास पूर्ण दिवस, जुनी काढून ठेवावी. दबलेल्या हिरडीचं माप चुकीचंच येतं.

पूर्ण कवळीसाठी साधारण पाच फेऱ्या होतात: पहिलं माप, त्यावरून बनवलेल्या ट्रेने (माप घ्यायच्या साच्याने) दुसरं नेमकं माप, मेणाच्या पट्ट्यांवर चाव्याची उंची (दात मिटल्यावर दोन्ही जबड्यांत राहणारं अंतर), मेणात बसवलेल्या दातांची ट्रायल आणि शेवटी तयार कवळी. यातली चौथी फेरी घाईत उरकू नका. दात मेणात आहेत तोवर हलवता येतात. एकदा अ‍ॅक्रिलिकच्या कडक प्लास्टिकमध्ये पक्के झाले की रंग, लांबी, ओळ यातलं फारसं काही बदलत नाही. घरचं एक माणूस आणि दात असतानाचा हसरा फोटो सोबत न्या, खिडकीच्या उजेडात आरशात बघा. मग एकसष्टपासून सत्तरपर्यंत मोठ्याने मोजा. वरचे-खालचे दात एकमेकांवर खटखट आपटले तर चावा उंच झालाय. उलट तोंड मिटल्यावर हनुवटी नाकाकडे सरकल्यासारखी दिसली तर चावा कमी आहे. अशाने पुढे ओठांचे कोपरे चिरतात.

पहिले काही दिवस तोंडात दगड ठेवल्यासारखं वाटतं, लाळ सुटते, बोलणं बोबडं होतं. रोज पंधरा मिनिटं पेपर मोठ्याने वाचला की जीभ वळायला लागते. खाण्याची सुरुवात मऊ भात, वरण, पिठलं, दुधात कुस्करलेली भाकरी यांनी करा. घास लहान घ्या आणि तो दोन्ही बाजूंच्या दाढांवर वाटून चावा. एकाच बाजूने चावलं की दुसरी बाजू उचलली जाते. पुढच्या दातांनी पेरू किंवा कणीस तोडायला गेलात तर वरची कवळी मागून सुटते. पेरूच्या बिया आणि तीळ कवळीखाली शिरून जीव नकोसा करतात; चिक्की तर विसराच.

हिरडी एखाद्या ठिकाणी सोलवटणं नेहमीचंच. घरी कानस किंवा पॉलिश पेपर मात्र लावू नका. डॉक्टरांकडे जाण्याआधी काही तास कवळी घालून ठेवा, म्हणजे टोचणाऱ्या जागी लाल खूण दिसते आणि नेमकं तेवढंच घासता येतं. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, विशेषतः तंबाखू खाणाऱ्याची, लगेच तपासून घ्यावी.

रात्री कवळी काढून पाण्यात ठेवायची. रात्रंदिवस घातली की टाळू लाल होऊन बुरशी धरते. धुताना बेसिन अर्धं पाण्याने भरा किंवा खाली टॉवेल अंथरा, कारण कवळ्या तोंडात कमी आणि बेसिनमध्ये जास्त फुटतात. मऊ ब्रश आणि भांड्यांचा सौम्य साबण पुरतो. टूथपेस्टने बारीक ओरखडे पडतात आणि त्यात घाण बसते. उकळत्या पाण्यात घातली तर आकार बिघडतो. हिरड्या, टाळू आणि जीभही मऊ ब्रशने साफ करावी.

चिकटवायची क्रीम वापरायची झाल्यास स्वच्छ कवळीवर वाटाण्याएवढे तीन ठिपके, शक्यतो जस्तविरहित. जस्त असलेली क्रीम बरेच महिने भरमसाट वापरल्याने हातापायांना बधिरपणा येऊ शकतो. ट्यूब भराभर संपू लागली तर समजा, कवळीची बैठक गेली. हाड झिजून पोकळी झालेली असते. आतून नवा थर भरून घेता येतो. पाच ते सात वर्षांनी बहुधा नवीच करावी लागते.

कवळी तुटली तर इन्स्टंट ग्लू लावू नका. सांधा किंचित सरकला तरी ती पुन्हा नीट बसत नाही. सगळे तुकडे, अगदी सुटलेला एखादा दातही, डबीत घालून दवाखान्यात न्या.