केसपेपरवरचे वीस श्वास

एमएस्सी नर्सिंगच्या प्रबंधाचा विषय डोक्यात घोळवणाऱ्यांसाठी हे लिहितेय. सिनॉप्सिस म्हणजे संशोधनाचा आराखडा कसा लिहायचा, एथिक्स कमिटीकडे काय काय जोडायचं, टूल, म्हणजे माहिती गोळा करायची प्रश्नावली किंवा चेकलिस्ट, तज्ज्ञांकडून कसं तपासून घ्यायचं, हे तुम्हाला कॉलेजात शिकवलेलं असतं. ते मी पुन्हा सांगत बसत नाही. माझे सात महिने ज्यात गेले तेवढंच नीट सांगते, कारण मला ते कुणी सांगितलं नव्हतं.

माझा विषय होता, जनरल वॉर्डातला पेशंट गंभीर होण्याआधी सिस्टरच्या लक्षात यावा म्हणून द्यायचं प्रशिक्षण. सिंधुदुर्गात नोकरी केलेल्या कुणालाही जुलै-ऑगस्टचा वॉर्ड आठवत असेल. भातलावणी सुरू झाली की थोड्याच दिवसांत तापाचे पेशंट यायला लागतात. दिवसभर चिखलात उभी राहिलेली माणसं, पायांना भेगा, पोटऱ्या हात लावू देत नाहीत इतक्या दुखतायत, डोळे लाल. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, चिखल-पाण्यातून होणारा ताप. बरेचसे औषधांनी बरे होऊन घरी जातात. काहींची लघवी कमी होते, कावीळ दिसायला लागते, फुप्फुसात रक्तस्राव होतो, आणि मग रात्री दोन वाजता एकशेआठ बोलावून गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात न्यायची धावपळ. सोबतचा माणूस दर वेळी एकच सांगतो, "सांजपर्यंत बरो होतो." तो खरंच बरा होता, की बरा नव्हता आणि आम्हाला कळलं नाही? मला हेच शोधायचं होतं.

याला आधार भरपूर होता. १९९० साली अमेरिकेत ६४ रुग्णांचा एक अभ्यास झाला होता. रुग्णालयातच हृदय बंद पडलेले हे रुग्ण होते, आणि त्यांतल्या ८४ टक्के लोकांची तब्येत आधीच्या आठ तासांत बिघडत असल्याची किंवा त्यांनी नवी तक्रार केल्याची नोंद सापडली. म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत वेळ हाताशी होता. दुसरा अभ्यास २०१४ सालचा, 'लॅन्सेट'मधला, लिंडा एकेन यांच्या गटाचा. युरोपातल्या नऊ देशांतली ३०० रुग्णालयं आणि शस्त्रक्रिया झालेले ४ लाखांहून जास्त रुग्ण. पदवीधर नर्सेसचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असेल तिथे रुग्ण तीस दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी कमी, आणि एका नर्सवर एक रुग्ण वाढला की तीच शक्यता ७ टक्क्यांनी जास्त, असं त्यांना आढळलं. हा पेपर मी कितीदा वाचला असेल! आपल्या शिक्षणाचा पेशंटच्या जिवाशी संबंध आहे, हे आकड्यांत लिहिलेलं मी तिथे पहिल्यांदा पाहिलं.

मोजमाप म्हणून मी 'न्यूज' घेतलं, म्हणजे नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये आणलेलं आणि २०१७ मध्ये सुधारलेलं. श्वास, ऑक्सिजन, रक्तदाब, नाडी, शुद्ध, ताप या प्रत्येकाला गुण द्यायचे, बाहेरून ऑक्सिजन चालू असेल तर आणखी २ मिळवायचे. बेरीज ५ झाली की डॉक्टरांना तातडीने बोलवायचं, ७ झाली की ती आणीबाणी. बेत सोपा होता. अतिदक्षतेत हलवलेल्या किंवा बाहेर पाठवलेल्या पेशंटचे जुने साठ केसपेपर रीतसर परवानगी घेऊन काढायचे, आदल्या बारा तासांचे स्कोअर मांडायचे आणि धोका आधी दिसत होता हे दाखवायचं. त्यावर प्रशिक्षण उभारायचं.

स्कोअर मांडले. जवळपास सगळे २, ३, ४. म्हणजे आमचे पेशंट कागदावर शेवटपर्यंत ठीक होते!

इथे मी काय केलं ते मन घट्ट करून सांगते. 'हा स्कोअर आपल्याकडच्या तापाच्या पेशंटना लागू पडत नाही' असा निष्कर्ष मी लिहायला घेतला. गाइडना आवडला. नवीन काहीतरी सापडलं म्हणाले. तक्ते झाले, टक्केवारी झाली, प्रकरणाचं टायपिंगसुद्धा झालं.

मग एका संध्याकाळी प्रशिक्षणाच्या तयारीसाठी त्याच वॉर्डात गेले होते. पाऊस असा की खिडकीकडच्या खाटा भिंतीपासून ओढून मध्ये घेतलेल्या. लाइट गेलेली, जनरेटरवर निम्म्याच ट्यूब चालू. एका खाटेवर पन्नाशीच्या बाई, तापाचा तिसरा दिवस. मी टीपीआर चार्टवरचे (ताप-नाडी-श्वासाच्या तक्त्यावरचे) सहा वाजताचे आकडे वहीत उतरवत होते. ताप १०१, नाडी १०४, रक्तदाब १०४/७०, ऑक्सिजन ९५, श्वास २०. मुलगा पायथ्याशी उभा होता. म्हणाला, "सिस्टर, आयेक दम लागता हा." मी चार्टकडे पाहिलं. २० लिहिलेलं होतं. त्याला तसं सांगणारच होते, तेवढ्यात बाईंच्या गळ्याच्या खळगीकडे लक्ष गेलं. ती आत ओढली जात होती. मी त्यांचं मनगट धरलं, नाडी बघतेय असं भासवलं आणि घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट त्यांच्या छातीवरची गोधडी वर-खाली होताना मोजली. बत्तीस.

आता बेरीज करून बघा. ताप १, नाडी १, रक्तदाब १, ऑक्सिजन १. श्वास २० असेल तर शून्य गुण, म्हणजे एकूण ४. श्वास ३२ असेल तर ३ गुण, म्हणजे एकूण ७. त्याच बाई, तीच खाट, तीच वेळ. एक ओळ न मोजता भरलेली असली की आणीबाणी कागदावरून नाहीशी होते.

डॉक्टरांना बोलावलं, बाईंना त्याच रात्री बांबोळीला हलवलं. त्या बऱ्या होऊन परत आल्या, हे मला नंतर इनचार्ज सिस्टरांकडून कळलं.

दुसऱ्या दिवशी साठही केसपेपर पुन्हा काढले. या वेळी फक्त श्वासाची ओळ वाचत गेले. २०, २०, १८, २०, २०, २२, २०. ताप १०३ असतानाही २०. बाहेर पाठवायच्या तासभर आधीही २०. माझं सगळं पहिलं प्रकरण या ओळीवर उभं होतं. आणि त्यातल्या काही केसपेपरांवर अक्षर माझं होतं. एमएस्सीला येण्याआधी सहा वर्षं मी याच वॉर्डात ड्यूटी केली होती.

तुमचा विषय श्वासाचा नसेल. बेडसोअर असेल, सलाइनच्या जागेची सूज असेल, कॅथेटरमुळे होणारं इन्फेक्शन असेल. तरी सापळा हाच आहे. नोंदवहीत लिहिलेलं आणि खाटेवर घडलेलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'दर दोन तासांनी कूस बदलली' अशी बरोबर-बरोबर तासांवरची नोंद दिसली, तर आधी दोन दिवस दुपारी त्या खाटेशेजारी बसा. मगच तो कागद डेटा म्हणून घ्या. रेकॉर्ड वापरूच नका, असं नाही. पण त्यातला कोणता आकडा यंत्राने दिलाय आणि कोणता माणसाने सवयीने भरलाय, हे ओळखल्याशिवाय एकही तक्ता मांडू नका.

सिस्टरांना दोष देणार असाल तर हा विषयच सोडा. नाइटला एका सिस्टरकडे चाळीस पेशंट असतात. प्रत्येकाचा श्वास पूर्ण मिनिट मोजायचा म्हटलं तर नुसत्या श्वासाला चाळीस मिनिटं लागतात. इंजेक्शनं, सलाइन, नवीन ॲडमिशन आणि पाळी बदलताना ओव्हर द्यायचं लिखाण, ही कामं याच्या वेगळीच. पंधरा सेकंद मोजून चौपट केलं तर एक श्वास चुकला की चार चुकतात, आणि उत्तर येतं ते चारच्या पाढ्यातलं. सोळा, वीस, चोवीस. ताप, नाडी, रक्तदाब, ऑक्सिजनला यंत्रं आली, आपल्या वॉर्डात श्वासाला अजून डोळा आणि घड्याळच लागतं. म्हणून सगळ्यात आधी तोच सुटतो. शरीरात मात्र बहुतेक वेळा सगळ्यात आधी तोच बदलतो. रक्तात आम्ल साठायला लागलं की कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला शरीर श्वास वाढवतं. त्या वेळी रक्तदाब अजून शाबूत दिसत असतो. हे कळल्यावर मला सिस्टरांचा राग आला नाही, स्वतःचाही कमी झाला. तुमच्या अभ्यासात असं काही निघालं तर प्रबंधात ते व्यवस्थेची उणीव म्हणून लिहा. एखाद्या पाळीकडे बोट जाईल अशी वाक्यरचना करू नका.

मग मी आराखडा बदलला. वाढीव मुदत मागितली, एथिक्स कमिटीकडे दुरुस्ती पाठवली, पुन्हा थांबले. खूप रडले त्या दिवसांत, लपवत नाही. पण मुदत मिळते. सगळ्यांना वाटतं मिळणार नाही, आणि ते चुकीचं टाइप झालेलं प्रकरण तसंच पुढे रेटतात.

नव्या आराखड्यात मी आणि प्रशिक्षित केलेली एक मैत्रीण, दोघी एकाच वेळी, एकमेकींचा आकडा न बघता श्वास मोजायचो. आधी आमचं दोघींचं जुळतं का ते पाहिलं, नंतर चार्टशी ताडलं. इथे एक गोष्ट सांगते, ती कुणी विचारत नाही. सरासऱ्यांची तुलना करू नका. एका बाजूला सगळे २०, दुसऱ्या बाजूला काही १४ आणि काही ३२, सरासरी जवळजवळ सारखीच येते आणि टी-टेस्ट, म्हणजे दोन सरासऱ्यांतला फरक तपासायची चाचणी, सांगते फरक नाही. बुडालेले पेशंट त्या सरासरीत बुडूनच राहतात. प्रत्येक जोडीतला फरक बघायची पद्धत ब्लंड आणि ऑल्टमन यांनी १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडली आहे. आकृती काढायला सोपी आहे, एका दुपारी शिकता येते. 'पाच हजारांत सगळं ॲनालिसिस करून देतो' म्हणणाऱ्याकडे आपला डेटा देऊन निर्धास्त होऊ नका. तो सगळ्यांना टी-टेस्टच लावतो. त्याने त्या बाई पाहिलेल्या नसतात.

तसंच स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रामचं, म्हणजे ठरावीक आराखड्याच्या प्रशिक्षणाचं. तीस प्रश्न, तास-दीड तासाचं लेक्चर, सातव्या दिवशी तेच तीस प्रश्न. गुण वाढणारच! सिस्टर हुशार असतात, त्यांना प्रश्न आठवतात. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण मोजायच्या चार पायऱ्या सांगितल्या. आवडलं का, कळलं का, करायला लागले का, त्याने परिणाम बदलला का. आपले बहुतेक प्रबंध दुसऱ्या पायरीवर थांबतात आणि तिसरीचं नाव लावतात. श्वास किती वेळ मोजायचा या प्रश्नाला माझ्या अभ्यासातल्या सगळ्या सिस्टरनी प्री-टेस्टलाच, म्हणजे प्रशिक्षणाआधीच्या परीक्षेत, 'पूर्ण एक मिनिट' हे बरोबर उत्तर दिलं होतं. ज्ञान होतंच. म्हणून प्रश्नपत्रिका ठेवा, पण सोबत खाटेपाशी बघायची एक चेकलिस्ट हवीच. वेळ नसेल तर प्रश्नपत्रिका आखडती घ्या, चेकलिस्टला हात लावू नका.

गाइडबद्दल माझं मत थोडं कडक आहे. ज्यांनी गेल्या पाच वर्षांत वॉर्डात पाळी केलेली नाही, त्यांच्या सहीने प्रबंध पास होतो, पण सापळा त्यांना दिसत नाही. मला खरं मार्गदर्शन मिळालं ते इनचार्ज सिस्टरांकडून. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेल्या, नोकरीची शेवटची दोन वर्षं उरलेल्या. टूल त्यांना वाचायला दिलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "तू मोजत असताना बत्तीस निघाले, तर तू काय करणार? वहीत लिहून पुढच्या खाटेकडे जाणार?"

याचं उत्तर माझ्या सिनॉप्सिसमध्ये नव्हतं. तुमच्यात असू द्या. धोक्याचा आकडा दिसला की संशोधक तिथल्या तिथे ड्यूटीवरच्या सिस्टरला आणि डॉक्टरांना सांगेल, वेळेची नोंद करेल, असं स्पष्ट लिहा. त्यामुळे तुमच्या डेटावर परिणाम होईल. होऊ दे. तो परिणाम मर्यादा म्हणून प्रबंधात मांडता येतो. आणि नाडी बघतोय असं भासवून श्वास मोजणार असाल, तर संमतीपत्रात 'नाडी, श्वास वगैरे तपासलं जाईल' एवढं आधीच सांगितलेलं असू द्या. म्हणजे फसवणूक होत नाही, आणि नेमक्या त्या मिनिटाला पेशंट श्वास बदलतही नाही.

आणखी एक, आपल्या भागापुरतं. पावसातल्या तापाचा विषय असेल तर शिमग्याच्या आधी सिनॉप्सिस कमिटीकडे गेली पाहिजे. परवानगी हातात येईस्तोवर मे उजाडतो, आणि जूनपासून वॉर्ड भरायला लागतो. पोस्ट-टेस्ट गणपतीच्या आसपास ठेवू नका. मी ठेवली होती. निम्म्या सिस्टर रजेवर आणि उरलेल्या डबल ड्यूटीवर. मेट्रन मॅडमना विचारून मी ती अनंत चतुर्दशीनंतरच्या सोमवारी ढकलली. त्या दिवशी सगळ्या आल्या, दोघी तर नाइट संपवून तशाच थांबल्या होत्या. एकीने डब्यातले उरलेले मोदक आणले होते. ते खाऊन आम्ही पहिल्या खाटेपाशी गेलो आणि मी घड्याळ तिच्या हातात दिलं.