गृहकर्ज लवकर फेडायचंय? आधी मुदत कमी करून घ्यायला शिका

गृहकर्ज लवकर फेडण्याचे सल्ले बहुतेक चहा सोडा, पिक्चर सोडा, हॉटेल सोडा याच वळणाचे असतात. चहामुळे कोणाचं घर बुडालेलं मी नागपुरात तरी पाहिलं नाही, आणि चहा सोडून कोणाचं कर्जही फिटलं नाही. पैसा वाचवणं हा या कामातला सोपा भाग आहे. वाचवलेला पैसा मुद्दलात नीट नेऊन बसवणं कठीण, आणि त्याबद्दल कोणी धड सांगत नाही. म्हणून सोपं आधी उरकते.

नवा माल आला की वर्षाचा गहू आणि तूरडाळ भरून ठेवा. दोन-तीन घरं मिळून इतवारीत किंवा कळमन्याला गेलात तर भाव बरा पडतो. ऊन दाखवा, डाळीला एरंडेलाचा हात लावा, झालं. भाजी आठवड्याची एकदम, सकाळी कॉटन मार्केटमधून.

विजेचं थोडं सविस्तर. महावितरणचा दर टप्प्याटप्प्याने चढतो, आणि महिन्याचे ३०० युनिट ओलांडले की बिल अंगावर येतं. नागपूरचं ऊन कोरडं, त्यामुळे मृगापर्यंत कूलर उत्तम चालतो, एसीची गरज नाही. पण ताट्या दर उन्हाळ्यात बदला आणि कूलर लावताना समोरची खिडकी उघडी ठेवा. दारंखिडक्या लावून कूलर चालवणारे लोक घामेजून बसतात आणि मग हप्त्यावर एसी आणतात.

क्रेडिट कार्डाची थकबाकी किंवा पर्सनल लोन असेल तर गृहकर्जाला आत्ता हात लावू नका, आधी ते संपवा. सहा महिन्यांचा घरखर्च हप्त्यासकट एफडीत बाजूला ठेवा. त्याच्या वरचं सगळं कर्जात: दिवाळीचा बोनस, लागलेली भिशी, एरियर्स. भिशी लागली की सराफाकडे जायची सवय मोडा.

'करसवलत जाईल, कर्ज राहू द्या' असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. नव्या करप्रणालीत स्वतः राहत्या घराच्या व्याजावर वजावटच नाही. जुन्या प्रणालीत वर्षाला २ लाखांपर्यंत आहे, पण ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचेही १०० रुपये व्याजामागे साधारण ३१ रुपये वाचतात. उरलेले ६९ बँकेचेच.

आता खरं काम. पहिल्यांदा व्याजाचा दर फ्लोटिंग, म्हणजे बाजाराप्रमाणे बदलणारा, आहे का ते मंजुरीपत्रात पाहा. फ्लोटिंग दराच्या गृहकर्जावर बँकांना २०१२ पासून मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही. दर फिक्स्ड असेल तर दंडाचं कलम वाचूनच पुढे जा.

मग जादा रक्कम भरायचा अर्ज. त्यात एकच वाक्य ठळक लिहा: 'हप्ता आहे तेवढाच ठेवून कर्जाची मुदत कमी करावी.' हे लिहिलं नाही तर काही बँका आपल्या मनाने हप्ता कमी करतात, आणि आपल्याला ते बरंही वाटतं. ३० लाखांचं कर्ज, ८.५ टक्के दर, २० वर्षं मुदत असं धरा. हप्ता साधारण २६,०३५ रुपये. पहिल्या महिन्यात त्यातले २१,२५० व्याजात जातात, मुद्दलात जेमतेम ४,७८५. वर्षभराने १ लाख जादा भरले आणि हप्ता कमी करून घेतला, तर तो सुमारे ८८५ रुपयांनी उतरतो आणि शेवटपर्यंत व्याजाचे साधारण १ लाख वाचतात. तेच १ लाख मुदतीतून वजा करून घेतले तर १८ हप्ते उडतात आणि व्याज वाचतं जवळपास पावणेचार लाख. पैसा तोच, फरक त्या एका वाक्याचा.

मी हे आकडे घेऊन गेले तेव्हा काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "हप्ता कमी होऊन राहिला ना जी मॅडम, मग काय टेन्शन?" त्याच्याशी वाद घालू नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घ्या. तोंडी 'होऊन जाईल' याला काडीची किंमत नाही.

सगळ्यात मोठा घोळ याच्या पुढे आहे, आणि मी अडकले ती इथेच. पैसे भरले, पावती मिळाली, आणि पुढच्या महिन्यात खात्यातून हप्ताच कापला गेला नाही. बँकेने माझी रक्कम मुद्दलातून वजा न करता पुढच्या हप्त्यांचा अ‍ॅडव्हान्स म्हणून ठेवली होती. व्याज आधीच्याच मुद्दलावर चालू! ते दुरुस्त करून घेताना 'सिस्टीममध्ये असंच आहे' हे वाक्य मला पाठ झालं. तेव्हा पावतीवर थांबू नका. दोन-चार दिवसांनी कर्जखात्याचा उतारा आणि हप्त्यांचं नवीन वेळापत्रक मागा. उताऱ्यात मुद्दल तेवढ्याने उतरलेलं दिसलं पाहिजे, वेळापत्रकात शेवटच्या हप्त्याची तारीख अलीकडे आलेली दिसली पाहिजे. पुढच्या महिन्याचं व्याज स्वतः काढा: शिल्लक मुद्दल गुणिले दर, भागिले १२००. आकडा शे-दोनशेने इकडेतिकडे झाला तर सोडा, हजारात चुकला तर परत शाखेत.

व्याज रोजच्या शिल्लकीवर लागत असेल तर पगार झाल्याझाल्या भरा, महिनाअखेरीची वाट पाहू नका. जादा रक्कम स्वीकारायची किमान मर्यादाही विचारून ठेवा, ती बँकेगणिक वेगळी असते.

रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो, हलला की पुन्हा एकदा उतारा बघा. फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रेपो ६.५ वरून ५.५ टक्क्यांवर आला तेव्हा अनेकांचा हप्ता उतरला आणि लोक खूश झाले. तुम्ही जुनाच हप्ता चालू ठेवायला सांगा. उलट दर वाढला की बँका गुपचूप मुदत लांबवत, आणि आपण भरलेलं जादा मुद्दल त्यात गिळलं जाई. हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडायचा पर्याय कर्जदाराला द्यावा, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितलं आहे. तो पर्याय लेखी वापरा.

कर्ज पूर्ण फिटल्यावर ना-हरकत पत्र घ्या आणि मूळ कागद यादीशी ताडून घ्या. विक्रीपत्र, इंडेक्स दोन (नोंदणीचा उतारा), नागपूर सुधार प्रन्यासचा प्लॉट असेल तर आरएल म्हणजे नियमितीकरणाचं पत्र, जे जे जमा केलं होतं ते सगळं. ३० दिवसांत कागद परत करणं बँकेवर बंधनकारक आहे, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. सेरसाईवरचा (तारण मालमत्तांची केंद्रीय नोंदवही) बोजा उतरला का आणि सिबिलवर, म्हणजे आपल्या कर्जांच्या पतनोंदीत, खातं बंद दिसतं का, हे महिन्याभराने तपासा. आणि हप्त्याचा नॅच मँडेट, म्हणजे खात्यातून आपोआप हप्ता कापायची परवानगी, कर्ज फिटेल त्याच दिवशी रद्द करा, नाहीतर बंद झालेल्या कर्जाचाही एखादा हप्ता कापला जातो आणि तो परत मिळवायला वेगळा अर्ज लागतो.