द्विमितीय अॅरे सपाट करताना कॉपी की व्ह्यू, ते आधी बघा

नमपायमध्ये (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) अॅरे, म्हणजे ओळी-स्तंभांत मांडलेल्या किंमती, एकमितीय करायला फ्लॅटन आणि रॅव्हल ही दोन्ही फंक्शनं चालतात, उत्तरही सारखंच दिसतं. पण फ्लॅटन दरवेळी नवी कॉपी काढतं. रॅव्हल जमेल तिथे मूळ मेमरीचाच व्ह्यू देतं, म्हणजे वेगळी प्रत न काढता तोच डेटा दाखवतं. म्हणजे रॅव्हलने मिळालेल्या अॅरेत पहिली किंमत 99 केलीत, तर मूळ अॅरेतही गुपचूप 99 होऊ शकते. असला बग शोधताना नाकी नऊ येतात. मूळ डेटाला धक्का नको असेल तर सरळ फ्लॅटन वापरा. नुसतं वाचायचं असेल आणि अॅरे अवाढव्य असेल, तर रॅव्हल बरं.

दुसरी गोष्ट क्रमाची: किंमती ओळीने एकामागोमाग घ्यायच्या की स्तंभाने. सी आणि नमपाय एरवी ओळीने जातात, फोर्ट्रान आणि मॅटलॅब स्तंभाने. ओळीच्या क्रमात सपाट अॅरेतला इंडेक्स (जागेचा क्रमांक) काढायचा तर ओळ गुणिले एकूण स्तंभ अधिक स्तंभ. 3 ओळी, 4 स्तंभ असतील तर शून्यापासून मोजून ओळ 2, स्तंभ 1 म्हणजे 2×4+1 = 9. उलट यायचं तर 9 ला 4 ने भागा: भागाकार ओळ, बाकी स्तंभ. इथे 4 च्या जागी 3 घालणारे पुष्कळ भेटतात!

जावास्क्रिप्टवाल्यांनो, तुमचं फ्लॅट काही न सांगता एकच पातळी उलगडतं. आत कितीही पातळ्या असल्या तरी सगळ्या उलगडायच्या तर खोली इन्फिनिटी द्या.