परदेशातल्या ग्रंथालयातलं मराठी पुस्तक मुंबईत बसून कसं मिळवावं

हवं असलेलं जुनं पुस्तक मुंबईत सापडलं नाही, म्हणून आशा सोडू नका. ब्रिटिश अमदानीत मुंबईत छापलेली कितीतरी मराठी पुस्तकं लंडनला गेली आणि आज ती ब्रिटिश लायब्ररीत आहेत. लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्लीतलं कार्यालय १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तकं गोळा करतं आहे, त्यामुळे नंतरची बरीच पुस्तकं अमेरिकेत मिळतात.

तरी आधी इथलं धुंडाळा: टाउन हॉलमधलं एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय, दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, विद्यापीठाचं कालिन्याचं ग्रंथालय. देशात शोधून झाल्यावरच बाहेर मागावं, हा ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय देवघेवीचा मूळ नियम आहे आणि तो रास्त आहे.

मग वर्ल्डकॅट, म्हणजे जगभरच्या ग्रंथालयांची एकत्रित ऑनलाइन सूची. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. जुन्या नोंदींत देवनागरी शीर्षक बऱ्याचदा नसतंच आणि रोमन अक्षरं आपण मोबाइलवर लिहितो तशी नसतात. ‘च’ला नुसता ‘सी’, ‘छ’ला ‘सीएच’. ‘श’ला ‘एस’, ‘ष’ला मात्र ‘एसएच’. ‘ज्ञ’ ‘डीएन’ने नव्हे, ‘जेएन’ने सुरू होतो. शेवटचा न उच्चारलेला ‘अ’सुद्धा लिहितात, म्हणून ‘तुकाराम’च्या शेवटी ‘ए’ हवा. अक्षरांवरच्या रेघा-टिंबं गाळली तरी चालतं. मुखपृष्ठावर वर्ष शकात दिलं असेल तर इसवी सनासाठी त्यात ७८ मिळवा. शके १८०० म्हणजे १८७८. पण जानेवारीपासून पाडव्यापर्यंतचे दिवस १८७९ मध्ये येतात, म्हणून दोन्ही वर्षं तपासा.

नोंद सापडली की तिचा ओसीएलसी क्रमांक (वर्ल्डकॅटमधला त्या नोंदीचा क्रमांक) उतरवून घ्या आणि मागणी स्वतः न धाडता आपल्या ग्रंथालयामार्फत पाठवा. मूळ प्रत समुद्रापार पाठवायला ग्रंथालयं सहसा तयार नसतात. वाटेत ती गहाळ झाली तर जबाबदारी मागणाऱ्या ग्रंथालयावर येते. म्हणून स्कॅनच मागा. लेख हवा असेल तर लेखक, शीर्षक, नियतकालिक, वर्ष, खंड, अंक, पृष्ठं असं सगळं द्या. पृष्ठं ठाऊक नसतील तर आधी फक्त अनुक्रमणिका मागवा. बारीक जोडाक्षरांसाठी ४०० डीपीआय (स्कॅन किती बारकाईने करायचं त्याचं माप) सांगा. त्याहून कमीत रफार आणि अनुस्वार पुसट होऊ शकतात.

नकार आला तर कारण बहुधा स्वामित्वहक्काचं असतं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, ब्रिटनमध्ये साधारणपणे ७०. देणारं ग्रंथालय स्वतःच्या देशाचा कायदा पाहतं. अशा वेळी अख्खं पुस्तक न मागता एखादं प्रकरण मागा, अभ्यासासाठी ते मिळू शकतं. ई-नियतकालिकांची गोष्ट वेगळी: प्रकाशकाशी झालेल्या करारात परदेशी प्रत पाठवायला मनाई असेल, तर छापील अंक ठेवणारं दुसरं ग्रंथालय शोधावं लागतं.

स्कॅनच्या फाइलचा दुवा थोडेच दिवस चालतो. आली की लगेच उतरवून घ्या, पानं क्रमाने मोजा आणि बांधणीकडच्या ओळी कापल्या गेल्या नाहीत ना, ते पाहा. काही राहिलं असेल तर पृष्ठक्रमांकासह त्याच दिवशी कळवा.