हिरवे तुडतुडे ओळखताना या चुका टाळा

पहिली चूक आपल्या बोलीतूनच सुरू होते. भातावरचे हिरवे तुडतुडे आणि तपकिरी तुडतुडे या दोघांनाही आपण तुडतुडेच म्हणतो, त्यामुळे ते एकाच घरातले वाटतात. हिरवे तुडतुडे सिकाडेलिडी कुळातले, तर तपकिरी डेल्फॅसिडी कुळातले. रंग बाजूला ठेवा आणि भिंगाखाली मागचा पाय बघा. नडगीवर लांबीभर काट्यांच्या ओळी असतील तर तो सिकाडेलिडीतला. नडगीच्या टोकाला एकच मोठा, हलणारा आर असेल तर डेल्फॅसिडीतला. पिल्लांना पंख नसतात, तिथेही पायच उपयोगी पडतो.

आता हिरव्यांकडे वळू. भातावरचे नेहमीचे हिरवे तुडतुडे नेफोटेटिक्स या प्रजातीतले. कीटकशास्त्रज्ञ मात्सुमुरा यांनी ती १९०२ मध्ये मांडली. आज ती डेल्टोसेफॅलिनी उपकुळात धरतात. इथे प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज. हे दोन शब्द अदलाबदल करून वापरले की पुढचं सगळं टिपण गोंधळतं.

व्हायरेसेन्स आणि निग्रोपिक्टस या नेफोटेटिक्सच्याच दोन जाती. त्या ओळखताना सर्वांत जास्त घोटाळा होतो तो पंखांवरच्या ठिपक्यांमुळे. 'दोन काळे ठिपके, म्हणजे व्हायरेसेन्स' असं लिहून लोक मोकळे होतात. पण एकाच शेतातल्या, एकाच जातीच्या नरांमध्ये एकाचा ठिपका ठसठशीत, दुसऱ्याचा पुसट आणि तिसऱ्याला ठिपकाच नाही, असं दिसतं. ठिपक्यापेक्षा डोक्याचा माथा जास्त विश्वासाचा. निग्रोपिक्टसच्या माथ्यावर पुढच्या कडेलगत काळा पट्टा असतो आणि प्रोनोटमची, म्हणजे डोक्यामागच्या पाठीवरच्या ढालीची, पुढची कडही काळी असते. व्हायरेसेन्सचा माथा बिनपट्ट्याचा. ठिपका पाहायचाच तर तो पंखाच्या आतल्या बाजूच्या तिरप्या शिवणीला टेकतो का, ते पाहा. निग्रोपिक्टसमध्ये सहसा टेकतो, व्हायरेसेन्समध्ये टेकत नाही. मात्र पट्टा दिसला म्हणून लगेच निग्रोपिक्टस लिहू नका. जपान, कोरिया, चीनकडच्या सिंक्टिसेप्स या जातीच्या माथ्यावरही काळा पट्टा असतो, म्हणून नमुना कुठला आहे हे चिठ्ठीवर असलंच पाहिजे.

मादीला वेगळी जाती समजणं ही चूक तर मी फार वेळा पाहिली आहे. नराच्या पंखांची टोकं काळी, मादीची फिकट किंवा तपकिरी. एकाच जाळीत आलेल्या जोडीची दोन नावं पडतात ती यामुळेच. नमुने अल्कोहोलमध्ये ठेवले की हिरवा रंग उडतो आणि किडा पिवळट दिसतो. ताज्या नमुन्याचा फोटो आधीच काढून ठेवा, नंतर हळहळून उपयोग नाही.

मग खात्री कशी करायची? नराच्या जननेंद्रियांवरून. पोटाचा मागचा भाग अलगद वेगळा करायचा, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या १० टक्के द्रावणात मऊ होऊ द्यायचा, पाण्यात धुवायचा आणि ग्लिसरीनच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. शिश्नाच्या दांड्यावरच्या काट्यांची संख्या आणि मांडणी जातीनुसार बदलते. हातात फक्त माद्या किंवा पिल्लं असतील तर 'नेफोटेटिक्स, जाती अनिश्चित' एवढंच लिहा. त्यात कमीपणा काहीच नाही. अंदाजाने टाकलेलं नाव मात्र याद्यांमध्ये वर्षानुवर्षं फिरत राहतं.

याद्यांवरून आठवलं. जुन्या लिखाणातलं इम्पिक्टिसेप्स हे व्हायरेसेन्सचंच नाव. इशिहारांनी ते १९६४ मध्ये दिलं, पण डिस्टंट या कीटकशास्त्रज्ञाने दिलेलं व्हायरेसेन्स हे नाव १९०८ चं, म्हणून तेच ग्राह्य. घौरींनी १९७१ मध्ये मूळ नमुने तपासून या प्रजातीची फेरमांडणी केली. त्याआधीच्या लेखातलं नाव तसंच्या तसं उचलू नका. नावापुढचे कंसही पाळायचे असतात: डिस्टंटने ही जाती सेलेनोसेफॅलस या प्रजातीत ठेवली होती, म्हणून व्हायरेसेन्सपुढे (डिस्टंट, १९०८) असं कंसात येतं. मलायनस ही जाती मात्र इशिहारा आणि कावासे यांनी १९६८ मध्ये थेट नेफोटेटिक्समध्येच वर्णन केली, तिथे कंस नाही.

एवढा आटापिटा कशासाठी, असं कोणी विचारतं तेव्हा मी टुंग्रोचं नाव घेतो. भाताचा हा विषाणूरोग सर्वांत जोमाने पसरवतो तो व्हायरेसेन्स. निग्रोपिक्टस त्यात बराच मागे. चिठ्ठीवर नाव चुकलं तर शेतातल्या धोक्याचा अंदाजही चुकतो.