शिल्पकाराच्या आयुष्यभराच्या कामाची सूची कशी करावी

शिल्पकार गेला की मागे उरतात धूळ खाणारे प्लास्टरचे साचे, फाउंड्रीची म्हणजे धातू ओतणाऱ्या कारखान्याची बिलं आणि कुठे कुठे पोचलेली शिल्पं. हरवलेली शोधायची घाई होते, पण आधी आहे त्याची नोंद पुरी करा. काय नाही, हे त्यानंतरच कळतं.

स्टुडिओ आवरण्याआधी प्रत्येक फळीचे, कोपऱ्याचे जसेच्या तसे फोटो काढा. कोणता साचा कशाशेजारी होता, यावरून पुढे कामाचा काळ ठरवता येतो. आवरलेल्या खोलीतून हे कळत नाही.

मग क्रमांक. एका कल्पनेला एक क्रमांक आणि तिच्या प्रत्येक रूपाला उपक्रमांक द्या: मातीचा नमुना 47/1, प्लास्टर 47/2, पहिली ब्राँझ प्रत 47/3. फ्रान्समध्ये एका ब्राँझच्या 12 प्रती मूळ मानल्या जातात. 8 क्रमांकित आणि 4 कलाकाराच्या. म्हणून नुसतं ‘विकलं’ लिहून भागत नाही, कोणती प्रत विकली ते हवं. क्रमांक शिल्पावर रंगवू नका, सुती दोऱ्याने चिठ्ठी बांधा.

मापं घेताना मात्र अजिबात कसर ठेवू नका. ब्राँझ थंड होताना आकसतं. तयार ब्राँझवरूनच साचा काढून ओतलेली नक्कल मूळ प्रतीपेक्षा साधारण दीड-दोन टक्के लहान भरते, म्हणजे 50 सेंटिमीटरच्या शिल्पात जवळजवळ एक सेंटिमीटर. चौथरा बदललेला असू शकतो, त्यामुळे एकूण उंचीबरोबर हनुवटी ते गुडघा असं अंगावरचं एखादं अंतरही मिलिमीटरमध्ये लिहा. सही, फाउंड्रीचा शिक्का, प्रतीचा आकडा, टवका, डागडुजी टिपून ठेवा. फोटो चारही बाजूंनी काढा, तळाचाही.

आता कागद उघडा: बिलं, पत्रं, प्रदर्शनांच्या पुस्तिका, विम्याची कागदपत्रं. जुन्या फोटोंत माणसांच्या मागे काय उभं आहे तेही बघा. ज्या कामाचा उल्लेख सापडतो पण काम सापडत नाही, त्यालाही क्रमांक द्या आणि ते शेवटचं कुठे, कोणत्या साली, कशावरून दिसलं ते लिहा. ‘बसलेली स्त्री’ आणि ‘प्रतीक्षा’ हे एकच शिल्प असू शकतं; माप किंवा फोटो जुळेपर्यंत दोन्ही नोंदी वेगळ्या ठेवा.

शोध त्या शेवटच्या ठिकाणापासून पुढे न्या: विकत घेणारा, त्याचे वारस, लिलाव करणारे, संस्थेचं कोठार. पत्रात पहिल्याच ओळीत सांगा की मालकी नको, फक्त फोटो आणि मापं हवीत. लोक भीतीपोटी गप्प बसतात. मालकांचे पत्ते छापील सूचीत घालू नका.

चोरी झाली असेल तर पोलिसांत तक्रार करा. इंटरपोलच्या चोरीच्या कलाकृतींच्या यादीत नोंद पोलिसांमार्फतच होते. ती यादी ‘आयडी-आर्ट’ या मोफत ॲपवर कुणालाही तपासता येते.

‘नष्ट’ हा शेरा पुराव्याशिवाय लिहू नका. 2005 च्या डिसेंबरात ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांची दोन टनांहून जड ब्राँझ आकृती चोरीला गेली. ती भंगारात वितळवली गेली असावी, असं पोलिसांचं मत झालं. अशा कामाचीही नोंद, मापं आणि फोटो सूचीत राहू द्या आणि त्याचा क्रमांक दुसऱ्या कशालाही देऊ नका.