आउटलूक पुन्हा पुन्हा पासवर्ड मागतंय? आधी सेटिंग कुणी दिलं ते शोधा

वागळे इस्टेटपासून तुर्भ्यापर्यंत छोट्या ऑफिसांत मेल लावून द्यायचं काम मी करतो. मेल अडला की तिथे कुणीतरी हमखास सांगतं, ‘प्रोफाइल (मेल सॉफ्टवेअरमध्ये साठवलेलं खात्याचं सेटिंग) उडवा, नवीन बनवा.’ कारण न शोधता प्रोफाइल उडवलं, तर नवीन प्रोफाइलही तीच चूक घेऊन येतं.

पत्ता टाकला की सॉफ्टवेअर सर्व्हर ‘ओळखतं’, असं वाटतं. ओळखत वगैरे काही नाही. ‘ॲट’च्या पुढचं डोमेन घेतं आणि ठरलेली दारं, म्हणजे सर्व्हरचे नेहमीचे पत्ते, वाजवतं. ज्या दारातून आधी उत्तर येतं, ते खरं मानतं. उत्तर देणारा कोण, याची फारशी चौकशी करत नाही.

पायरी १. पत्ता जीमेलचा असेल तर पत्ता टाका, उघडलेल्या खिडकीत लॉगिन करा, झालं. पुढचं सगळं कंपनीच्या स्वतःच्या डोमेनसाठी.

पायरी २. थंडरबर्ड (मोझिलाचं मेल सॉफ्टवेअर) असेल तर ‘कंटिन्यू’ दाबल्यावर लगेच ‘डन’ दाबू नका. सेटिंग कुठून मिळालं ते तिथेच एका ओळीत लिहिलेलं असतं: मेल देणाऱ्याकडून, मोझिलाच्या यादीतून, की नेहमीची नावं वापरून बघून. तिसरं म्हणजे निव्वळ अंदाज. डोमेनच्या आधी ‘आयमॅप’ (मेल वाचायची पद्धत), ‘मेल’, ‘एसएमटीपी’ (मेल पाठवायची पद्धत) असे शब्द लावून बघितलेले असतात. तेव्हा होस्टिंगने (तुमची वेबसाइट किंवा मेल सांभाळणाऱ्या कंपनीने) दिलेल्या माहितीशी ताडून बघा. पोर्टचे आकडे: आयमॅपला ९९३, पाठवायला ४६५ किंवा ५८७. ‘४६५ जुनं झालं’ म्हणणाऱ्याकडे लक्ष देऊ नका. २०१८ च्या आरएफसी ८३१४ ने (इंटरनेटच्या मानकांचा दस्तऐवज) ते रीतसर परत आणलंय.

पायरी ३. आउटलूक. इथे मी स्वतः तीन दिवस घालवलेत.

वागळे इस्टेटमधलं एक ऑफिस. मेल जुन्या होस्टिंगवरून मायक्रोसॉफ्ट ३६५ वर नेला, वेबसाइट मात्र जुन्याच होस्टिंगवर ठेवली. आउटलूक दर दोन मिनिटांनी पासवर्ड मागायचं. अकाउंट्सच्या मॅडम म्हणायच्या, ‘अहो, ब्राउझरमध्ये याच पासवर्डने उघडतंय की!’ बरोबरच होतं त्यांचं. मी एमएक्स रेकॉर्ड (डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरवर जातो ती नोंद) बघितला, ऑटोडिस्कव्हरचा (मेलचं सेटिंग आपोआप शोधून देणारी सोय) सीनेम रेकॉर्ड (एक नाव दुसऱ्या नावाकडे वळवणारी नोंद) बघितला, दोन्ही चोख. तरी पाच वेळा प्रोफाइल उडवलं. (हो, मीसुद्धा.)

गोम अशी, की आउटलूक ‘ऑटोडिस्कव्हर डॉट तुमचं डोमेन’ला विचारण्याआधी नुसत्या डोमेनला विचारून बघतं. आणि नुसतं डोमेन म्हणजे तुमची वेबसाइट! जुन्या होस्टिंगच्या कंट्रोल पॅनलमध्ये मेलबॉक्स तसेच पडून होते. त्या होस्टिंगने तत्परतेने उत्तर दिलं, ‘या, मेल माझ्याकडेच आहे.’ आउटलूक नवा पासवर्ड घेऊन जुन्या दारात उभं.

हे पकडायचा मार्ग क्लासिक आउटलूकमध्येच आहे, पण कुणी सांगत नाही. घड्याळाजवळच्या आउटलूकच्या चिन्हावर कंट्रोल दाबून धरून राइट क्लिक करा. ‘टेस्ट ई-मेल ऑटोकॉन्फिगरेशन’ निवडा. ‘गेसस्मार्ट’च्या (अंदाजाने सेटिंग शोधण्याच्या) दोन्ही चौकटींतल्या खुणा काढा, नाहीतर अंदाजांचा कचरा दिसतो. मग ‘टेस्ट’ दाबून ‘लॉग’ उघडा. कुठल्या पत्त्यावर विचारणा झाली आणि कुठे काम झालं, ते ओळीने दिसेल. वेबसाइटच्या पत्त्यापुढे यश दिसलं, की चोर सापडला.

उपाय होस्टिंगवर करा: जुन्या मेलबॉक्समधला मेल उतरवून घ्या, मेलबॉक्स काढा, आणि त्या डोमेनसाठी ऑटोडिस्कव्हर बंद करायला सांगा. त्यांनी टाळाटाळ केली तर विंडोजच्या रजिस्ट्रीत (आतल्या सेटिंगांच्या साठ्यात) ‘एक्सक्लूड-एचटीटीपीएस-रूट-डोमेन’ची किंमत १ करता येते, म्हणजे आउटलूक नुसत्या डोमेनला विचारत नाही. पण ती प्रत्येक मशिनवर करावी लागते, आणि पुढच्या वर्षी नवा लॅपटॉप आला की पुन्हा तुमचाच फोन वाजतो. मी ती मलमपट्टीच समजतो.

या गडबडीत अनोळखी सर्टिफिकेटची (सर्व्हरच्या ओळखपत्राची) सूचना आली तर ‘येस’ दाबू नका. २०२१ साली गार्डिकोर या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी ‘ऑटोडिस्कव्हर’पुढे थेट देशांचे प्रत्यय असलेली काही डोमेनं विकत घेतली आणि नुसते ऐकत बसले. खरं दार न सापडलेली सॉफ्टवेअरं तिथे पोचली आणि विंडोज डोमेनची ३ लाख ७२ हजार लॉगिनं त्यांच्या हाती देऊन गेली. म्हणून ‘ऑटोडिस्कव्हर’चा रेकॉर्ड रिकामा ठेवायचा नाही, मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर तो ‘ऑटोडिस्कव्हर डॉट आउटलूक डॉट कॉम’कडे वळवा.

पायरी ४. डीएनएस (डोमेनच्या याच सगळ्या नोंदी) बदलायला वेळ लागतो. चहा घेऊन या, मग तीच चाचणी पुन्हा करा. लॉगमध्ये योग्य पत्ता दिसला, की आता खुशाल प्रोफाइल उडवा. एकदाच.